उधारीवर आलेली बिअर

मुंबईच्या इंग्रजांना बाकीचे इंग्रज ‘डक’ म्हणून चिडवायचे, आपल्या बोंबलावरून, कारण इंग्रजीत तो ‘बॉम्बे डक’. कलकत्त्याच्या इंग्रजांना म्हणायचे ‘डिचर’, आणि त्याला कारण आपणच. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार बंगालात शिरले तेव्हा घाबरलेल्या कलकत्त्यानं शहराभोवती खंदक खणायला घेतला. खंदक पुरा झाला नाही आणि ‘बर्गी’ म्हणजे हे मराठे स्वारही शहरावर चालून आले नाहीत. खंदक पुढे बुजवून त्यावर रस्ता झाला. पण ‘मराठा डिच’ हे नाव काही बुजलं नाही. बागबाजारात त्या नावाची गल्ली अजून आहे.

या खंदकवाल्यांच्या तहानेची ही गोष्ट. कारण आज पुण्या-मुंबईच्या कुठल्याही मायक्रोब्रुअरीत मेनूकार्डावर ‘आयपीए’ असं लिहिलेलं दिसतं, त्यातल्या ‘आय’चा म्हणजे इंडियाचा मुख्य पत्ता कलकत्ता हा होता. देशातल्या पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक २००९ साली पुण्यात निघाली, ‘डूलाली’. ते नावही आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा इंग्रजी अपभ्रंश. देवळालीच्या छावणीत बोटीची वाट बघून बघून गोऱ्या शिपायांचं डोकं फिरायचं, म्हणून इंग्रजीत ‘डूलाली’ म्हणजे चक्रम. असो.

आयपीए मागवली की वेटर हौसेनं एक गोष्ट सांगतो. साहेबाला हिंदुस्थानात बिअर हवी होती, पण सहा महिन्यांच्या प्रवासात ती नासायची. मग हॉजसन नावाच्या हुशार माणसानं तिच्यात हॉप्स ही कडू फुलं भरपूर घातली, ती कडू आणि टिकाऊ झाली आणि इंडिया पेल एलचा जन्म झाला. गोष्ट सुटसुटीत आहे. तिचा मोठा भाग खोटा आहे.

उष्ण मुलखात बिअर पाठवायची तर हॉप्स जास्त घाला, हे इंग्लंडातल्या बिअरवाल्यांना १७६० च्या दशकातच ठाऊक होतं. त्यात हॉजसनचं काही विशेष नव्हतं. दुसरं म्हणजे, नुसती फिकी कडू बिअरच प्रवासात टिकायची असंही नाही. पोर्टर ही काळसर, दाट बिअर तितकीच नीट पोचायची आणि हिंदुस्थानात आलीही अधिक. बराकीतला शिपाई पोर्टर प्यायचा आणि फिकी ‘पेल एल’ साहेबांच्या टेबलावर जायची. जातिभेद फक्त आपल्याकडेच होता असं नाही.

मग हॉजसननं केलं काय? त्यानं उधारी दिली.

जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी लंडनच्या पूर्वेला बो नावाच्या भागात, १७५२ पासूनची. (कलकत्त्याच्या बोबाजाराशी या ‘बो’चा काही संबंध नाही, जुळवायचा मोह मात्र होतो.) लंडनमध्ये त्याच्यापेक्षा कितीतरी मोठे बिअरवाले होते. त्याचं एकच भाग्य: ब्रुअरी ली नदीच्या काठी, आणि तिथून पडावात पिंपं टाकली की थोड्याच अंतरावर ब्लॅकवॉल, जिथे ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं नांगरून असत. कंपनी आपल्या कप्तानांना जहाजातली थोडी जागा त्यांच्या खासगी व्यापारासाठी द्यायची. कप्तानाचा पगार नावाला, खरी कमाई या जागेतून. हिंदुस्थानातून येताना जहाजं रेशीम, नीळ, कापड आणि सोरा यांनी ठासून भरलेली. जाताना मात्र तितका माल नसायचा, कारण विलायती लोकरीला बंगालात गिऱ्हाईक कुठून असणार? जागा रिकामी, भाडं स्वस्त. मग कप्तान तिथे काय काय भरायचे: हॅम, चीज, टोप्या, काचसामान, आणि हॉजसनची बिअर.

हॉजसन त्यांना अठरा महिन्यांपर्यंतची उधारी द्यायचा. हा आकडा नीट बघा. जायला पाच-सहा महिने, कलकत्त्यात माल विकायला आणि परतीचा माल भरायला काही महिने, यायला पुन्हा तेवढेच. म्हणजे कप्तानानं पिंपं न्यावीत, विकावीत, त्या पैशावर परतीचा धंदाही करावा आणि घरी आल्यावर आरामात बिल चुकतं करावं. जवळ पडतो आणि पैशाची घाई करत नाही, एवढ्या दोन गुणांवर किराणावाल्याचं दुकान पिढ्यानपिढ्या चालतं. हॉजसनचंही चाललं.

आणि मग नशिबानं त्याला हात दिला. त्यानं पाठवलेली बिअर ही साधारण ‘ऑक्टोबर बिअर’ या जातीची: ताज्या जवाच्या फिक्या मॉल्टची, जास्त हॉप्सची, कडक. इंग्लंडातले जमीनदार ती तळघरात वर्ष-दोन वर्षं मुरवत ठेवायचे. इथे ती जहाजाच्या पोटात गेली. विषुववृत्ताचा उकाडा, केप ऑफ गुड होपला वळसा घालताना थंडी, पुन्हा विषुववृत्त, आणि सगळा वेळ लाटांचं हिंदकळणं. तळघरात जे मुरायला दोन वर्षं लागली असती ते काही महिन्यांत झालं. म्हणजे बिअर प्रवासात नुसती टिकली नाही, तर प्रवासानं ती घडली. लोणच्याची बरणी रोज हलवायला सांगणाऱ्या आजीला यात नवल वाटणार नाही.

कलकत्त्याचं बंदर समुद्रावर नाही, हे नकाशा न बघता तिथे गेलेल्या माणसाला दचकवतं. हुगळीच्या मुखापासून शहर बरंच आत, आणि मध्ये सरकणारे वाळूचे दांडे. मोठी जहाजं डायमंड हार्बरला किंवा त्याच्याही खाली थांबायची आणि माल लहान गलबतांतून वर यायचा. नंतर लिलाव, आणि ‘युरोप शॉप’ म्हणून ओळखली जाणारी विलायती मालाची दुकानं. बिअर पिंपांतूनही यायची आणि बाटल्यांतूनही. १७८४ च्या ‘कलकत्ता गॅझेट’मध्ये हलक्या, उत्तम पेल एलच्या जाहिराती दिसतात.

बिअर येण्याआधी इथला गोरा प्यायचा अॅरक, म्हणजे ताडीची किंवा उसाची गावठी दारू, आणि तिचं पंच. पंच हा शब्द आपल्या ‘पाच’वरून, पाच जिनसांचं पेय म्हणून, असं बहुतेक शब्दकोश सांगतात. लालबाजारात खलाशांसाठी पंचघरं होती आणि तिथून माणूस चालत बाहेर पडेल याची खात्री नसायची. गोऱ्याचं आयुष्य दोन पावसाळे, अशी म्हणच पडली होती. १७६७ मध्ये सुरू झालेली पार्क स्ट्रीटची दफनभूमी बघितली की ती म्हण पटते. मैदानभर मनोरे, घुमट, पिरॅमिड, आणि खाली पंचविशीतिशीतली माणसं. त्या मानानं बिअर म्हणजे पथ्याचं पेय: पाणी उकळलेलं, नशा बेतानं. डॉक्टरही तिच्या बाजूचे होते.

आता प्रश्न गार करण्याचा. कलकत्त्याच्या मे महिन्यात कोमट बिअर ही कल्पनाच करून बघा. यासाठी साहेबाच्या घरी एक खास माणूस असे, आबदार. शब्द फारसी, पण आपल्याला परका नाही, पेशव्यांकडेही आबदारखाना होताच. कलकत्त्याच्या आबदाराचं कसब सोऱ्याचं. सोरा पाण्यात विरघळताना भोवतालची उष्णता ओढून घेतो आणि पाणी गार पडतं. आबदार लांब मानेच्या भांड्यात किंवा बाटलीत पेय भरायचा, सोऱ्याच्या पाण्यात ती बाटली बुडवायचा आणि गोल गोल फिरवत राहायचा. किती सोरा, किती पाणी, किती वेळ, हे सगळं हाताला ठाऊक. काम झालं की ते पाणी फेकायचं नाही. उन्हात किंवा चुलीवर आटवायचं, तळाशी सोऱ्याचे खडे परत जमतात, ते पुढच्या खेपेला. मेजवानीला जाताना साहेब आपला आबदार बरोबर न्यायचा, आणि कोणाची बिअर अधिक गार यावरून साहेबाची प्रतिष्ठा ठरायची.

हा सोरा बिहारातून गंगेवरून कलकत्त्याला यायचा आणि तिथून विलायतेला जायचा, बंदुकीच्या दारूसाठी. ज्या जहाजांतून तो गेला त्याच जहाजांतून बिअर आली. नेपोलियनशी लढायला गेलेल्या मालातला चिमूटभर कलकत्त्यातच राहून बाटली गार करत होता, म्हणायला हरकत नाही.

१८२१ च्या सुमारास हॉजसनची पुढची पिढी, फ्रेडरिक हॉजसन आणि त्याचा भागीदार थॉमस ड्रेन, यांना सगळंच हवंसं वाटू लागलं. बाजार तर हातात होताच. दुसऱ्याची बिअर येतेय असं कळलं की आपली स्वस्त पिंपं ओतायची आणि तो बुडाला की भाव चढवायचे, हा खेळ ते खेळत होते. आता त्यांनी ठरवलं, मधले कप्तान कशाला? आपणच माल पाठवू, आपणच विकू. किंमत वाढवली आणि कप्तानांची उधारी बंद केली. रोख मोजा, नाहीतर चालू लागा.

माझ्या मते पेल एलच्या सगळ्या इतिहासात याहून मोठी चूक नाही. ज्या एका गोष्टीवर घर उभं होतं तीच त्यांनी काढून घेतली. बिअर तर दुसराही करू शकत होता.

तो दुसरा निघाला बर्टन-ऑन-ट्रेंट या गावी. सॅम्युएल ऑलसॉप हा तिथला बिअरवाला, त्याचं गिऱ्हाईक रशिया. १८२२ मध्ये रशियानं आयातकर इतका चढवला की तो धंदाच बसला. त्याच सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचे एक संचालक कॅम्बेल मार्जोरीबँक्स यांनी त्याला जेवणाच्या टेबलावर सुचवलं, हॉजसननं बंगालातल्या लोकांना वैताग आणलाय, तू का नाही तसली बिअर करत? हॉजसनच्या बिअरचा नमुना बर्टनला गेला. ऑलसॉपचा कारागीर जॉब गुडहेड यानं ती चाखली आणि कडवटपणानं तोंड वाकडं केलं. बर्टनची बिअर गोड, काळसर आणि दाट, ही म्हणजे काढाच. तरी त्यानं पहिला प्रयोग केला तो चक्क चहाच्या किटलीत. ही किटलीची गोष्ट छापली गेली तीस वर्षांनी आणि ऑलसॉपच्या कौतुकाच्या पुस्तकात, तेव्हा ती चिमूटभर मीठ लावून घ्यावी. पण सोडवत नाही खरी.

किटलीपेक्षा महत्त्वाचं होतं बर्टनचं पाणी. त्या गावच्या विहिरींत जिप्सम भरपूर. अशा पाण्यात हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ, टोकदार उतरतो आणि बिअर चकचकीत, फिकी होते. लंडनचं पाणी काळ्या पोर्टरला बरं, पण फिक्या बिअरसाठी बर्टनला तोड नव्हती. हॉजसनची नक्कल करायला गेले आणि अस्सलापेक्षा सरस निघाली. शेजारच्या बास कंपनीनं हे बघितलं आणि तीही उतरली. कालव्यानं लिव्हरपूलला पिंपं न्यायची आणि तिथून जहाजावर चढवायची. १८३२-३३ मध्ये बंगालात आलेल्या सुमारे १२,००० पिंपांपैकी ५,००० च्या वर एकट्या बासची होती. हॉजसन मागे पडला होता. उधारी बंद करून दहा-बारा वर्षंच झाली होती.

गंमत म्हणजे तोवर या बिअरला धड नावही नव्हतं. ‘हिंदुस्थानच्या हवेसाठी तयार केलेली पेल एल’ अशी लांबण लावली जायची. ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव आतापर्यंत सगळ्यात जुनं सापडलंय ते १८२९ च्या सिडनीच्या एका वर्तमानपत्रात. १८३५ मध्ये ते लिव्हरपूलच्या जाहिरातीत येतं. म्हणजे कलकत्त्यासाठी केलेल्या बिअरचं नाव कलकत्त्यात पडलं नाही, ते पडलं परक्या बंदरांत. घरात बाळूच म्हणतात, बारशाचं नाव शाळेत कळतं.

बासचा वरचष्मा झाला त्याच १८३३ मध्ये आबदाराच्या पोटावर पाय आला. १२ मे रोजी बॉस्टनहून ‘टस्कनी’ नावाचं जहाज निघालं. पोटात गोठलेल्या तळ्यांतून कापलेला १८० टन बर्फ. फ्रेडरिक ट्यूडर या हट्टी व्यापाऱ्याचा हा उद्योग, लोक त्याला वेडा म्हणायचे. सप्टेंबरात जहाज हुगळीत आलं तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. त्याआधी कलकत्त्याला बर्फ म्हणजे हिवाळ्याच्या रात्री उथळ मातीच्या ताटल्यांत पाणी ठेवून पहाटे खरवडलेली चिखलट पापडी. हा स्फटिकासारखा ठोकळा बघायला गर्दी लोटली. सरकारनं जकात माफ केली. गव्हर्नर जनरल बेंटिंकनं ट्यूडरच्या माणसाला चांदीचा पेला भेट दिला. वर्गणी काढून हेअर स्ट्रीटजवळ आइस हाउस बांधलं. मुंबईला बर्फ पुढच्या वर्षी पोचला. जमशेटजी जीजीभॉयांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं, यजमान आणि पाहुणे सगळ्यांना सर्दी झाली, आणि विलायती चाळ्यांची बरी शिक्षा मिळाली असं ‘मुंबई समाचार’नं बजावलं.

साहेबाच्या टेबलावरून बिअर फार लवकर बंगाली पोरांच्या हाती गेली. हिंदू कॉलेजात १८२६ पासून शिकवणारा हेन्री डिरोझिओ स्वतः जेमतेम सतरा वर्षांचा. त्याचे विद्यार्थी बंडखोर, आणि बंडाची त्यांची खूण म्हणजे उघड्यावर गोमांस खाणं आणि बिअर पिणं. एका समकालीनानं तर चिमटा काढला होता की ही मंडळी बिअरच्या ग्लासांतून उदारमतवादाकडे पोहत निघाली आहेत. एप्रिल १८३१ मध्ये डिरोझिओला कॉलेज सोडावं लागलं. ऑगस्टात कृष्णमोहन बॅनर्जींच्या घरी जमलेल्या मित्रांनी शेजारच्या ब्राह्मणाच्या अंगणात गोमांस फेकलं, आणि घरी नसलेल्या कृष्णमोहनांनाच घराबाहेर पडावं लागलं. डिसेंबरात डिरोझिओ कॉलऱ्यानं गेला, वय बावीस. पुढच्या पिढीतले राजनारायण बसू आत्मचरित्रात मोकळेपणानं सांगतात की गोलदिघी तळ्याच्या काठी बसून आपण मित्रांबरोबर प्यायचो आणि कबाब आणायला कुंपणावरून उड्या मारायचो.

याची परतफेड नाटकानं केली. १८६० मध्ये मायकेल मधुसूदन दत्तांचं ‘एकेइ कि बॉले सभ्यता’, म्हणजे ‘यालाच का सभ्यता म्हणायचं’, हे प्रहसन आलं. स्वतः मायकेल काही कोरडे नव्हते, म्हणून ते अधिकच बोचतं. आपला ‘एकच प्याला’ रंगभूमीवर यायला १९१९ उजाडलं. बंगाल्यांनी दारूड्याला हसून घेतलं, गडकऱ्यांनी त्याच्या बायकोला मारून प्रेक्षकाला रडवलं. दोन्ही प्रांतांचे स्वभाव यात दिसतात असं मी मित्रांना सांगतो, आणि ते वाद घालतात.

विलायतेहून न आणता हिंदुस्थानातच बिअर बनवायची तर गार हवा हवी, म्हणून इथल्या ब्रुअरी निघाल्या डोंगरात. एडवर्ड डायरनं १८५० च्या दशकात कसौलीला सुरू केली आणि पुढे तो मरी या गावच्या ब्रुअरीत गेला. त्याचा मुलगा रेजिनाल्ड मरीत जन्मला, आणि १९१९ मध्ये जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा तो हाच.

तिकडे बास मात्र कलकत्त्याच्या पैशावर वाढत वाढत जगभर गेली. लंडनचं सेंट पँक्रास स्टेशन १८६८ मध्ये उघडलं, त्याच्या तळघरातल्या खांबांमधलं अंतर ठरवलं गेलं ते बर्टनची पिंपं नीट बसतील अशा हिशेबानं. १८७६ मध्ये ब्रिटनमध्ये ट्रेडमार्कची नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिल्या क्रमांकावर नोंदला गेला बासचा लाल त्रिकोण. एदुआर माने या फ्रेंच चित्रकारानं १८८२ मध्ये पॅरिसच्या फोली-बर्जेरमधली दारू देणारी मुलगी रंगवली. ती कुठे बघतेय यावर ग्रंथ लिहिले गेलेत. तिच्यापुढच्या संगमरवरावर, शँपेनच्या बाटल्यांशेजारी, दोन्ही टोकांना बघा: लाल त्रिकोण.

शतक संपेपर्यंत यंत्राचा बर्फ आला, त्याच्या मागोमाग गार, हलकी लागर आली आणि पेल एलचे दिवस भरले. बोची ब्रुअरी १९३० च्या दशकात पाडली. कलकत्ता बिअरच्या कथेत परत येतं ते वेगळ्या वाटेनं. इथल्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेला विठ्ठल मल्ल्या हा तरुण १९४७ मध्ये युनायटेड ब्रुअरीजचा पहिला भारतीय संचालक झाला. त्याचा मुलगा विजय १९५५ साली जन्मला तोही याच शहरात. त्याच्या उधारीबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

मागच्या हिवाळ्यात कोलकात्याला गेलो तेव्हा धर्मतल्ल्याच्या एका जुन्या बारमध्ये आयपीए मागून बघितली. वेटरनं ‘दादा, स्ट्राँग आछे’ म्हणत लागरची बाटली टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी हेअर स्ट्रीटला आइस हाउसची जागा शोधत हिंडलो. चेन्नईचं आइस हाउस अजून उभं आहे, तिथे विवेकानंदांचं स्मारक झालंय. इथे नुसत्या कचेऱ्या, वकील, झेरॉक्सची दुकानं. कोपऱ्यावर एक लिंबूसरबतवाला होता. त्याच्या हातगाडीखाली गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी, वर लाकडाचा भुसा. ट्यूडरनंही भुशातच बर्फ पाठवला होता. सरबत प्यायलो, आणि पैसे देताना गाडीवर टांगलेली पाटी वाचली. बंगाली अक्षरं लावत लावत जमलं: ‘आज नगद, काल बाकी.’

मी मनात म्हटलं, वा, आज रोख आणि काल उधार! मग आठवलं, बंगालीत ‘काल’ म्हणजे उद्यासुद्धा.